काळ्या दगडापासून पांढऱ्या वाळूपर्यंत : उष्ण समुद्रातील बेटावर सुट्टी का आणि कधी

मे महिन्याच्या मध्यावर अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, सावेडी उपनगरात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. पायाखालची सावली नाहीशी होते, पारा चाळीस अंशांकडे सरकतो आणि पाइपलाइन रस्त्यावरची वर्दळ ऊन उतरेपर्यंत ओसरते. याच दिवसांत लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर कमाल तापमान तेहेतीस अंशांच्या आसपास असते. अगत्ती सावेडीपेक्षा सुमारे आठ अंश दक्षिणेला, म्हणजे विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहे. शाळेत शिकलेल्या भूगोलाप्रमाणे विषुववृत्ताकडे जावे तसे ऊन वाढायला हवे. इथे मात्र दक्षिणेकडचे बेट नगरच्या पठारापेक्षा कमी तापते.

उष्ण कटिबंधातील बेटावर सुट्टी घालवावी यासाठी नेहमी जी कारणे दिली जातात, ती या कोड्याशी जोडलेली आहेत. सुखद हवा, पांढरी वाळू, निळे पाणी, शांत लाटा आणि मनाला मिळणारी विश्रांती यांतील प्रत्येकामागे निसर्गाची एक यंत्रणा काम करते. ती वर्षातील ठरावीक महिन्यांतच प्रवाशाला अनुकूल असते. त्यामुळे बेटावर का जावे आणि केव्हा जावे, या दोन प्रश्नांचा विचार एकत्रच करावा लागतो.

जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा

चुलीवर एका बाजूला रिकामा तवा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेले पातेले ठेवले, तर तवा मिनिटभरात हात पोळण्याइतका तापतो आणि पातेल्यातले पाणी तेव्हा जेमतेम कोमट झालेले असते. पठार आणि समुद्र यांच्यात असाच फरक आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो कोरडी माती साधारण पाच अंशांनी तापते.

याशिवाय आणखी तीन गोष्टी समुद्राला थंड ठेवतात. जमिनीवर पडलेले ऊन वरच्या काही सेंटीमीटरच्या थरातच अडकते. समुद्रात ते अनेक मीटर खोल उतरते, त्यामुळे तीच उष्णता कितीतरी जास्त पाण्यात वाटली जाते. लाटा आणि वारा वरचे-खालचे पाणी सतत ढवळत राहतात. शिवाय उष्णतेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. लक्षद्वीपभोवतीच्या अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान म्हणूनच वर्षभर 27 ते 31 अंशांच्या दरम्यान राहते. काही किलोमीटर लांबीच्या बेटाला चारही बाजूंनी हे पाणी वेढून असते. त्या बेटावरची हवा पाण्याच्या तापमानापासून फार दूर जाऊच शकत नाही.

सावेडीची स्थिती नेमकी उलट आहे. अहिल्यानगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आणि किनाऱ्यापासून सरळ रेषेत जवळपास 200 किलोमीटर आत वसले आहे. मध्ये सह्याद्रीची भिंत आहे आणि पाऊस वर्षाला 500 ते 600 मिलिमीटरच पडतो. कोरडी जमीन दिवसा झपाट्याने तापते आणि रात्री तितक्याच झपाट्याने निवते. जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि दुपारी तिशीजवळ जातो. बेटावर मात्र दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक पाच-सात अंशांचाच असतो. लहान मुले आणि वयस्कर माणसे यांना प्रवासात हवेच्या अशा चढउतारांचाच त्रास होतो. म्हणून कुटुंबासाठी बेट निवडण्याचे हे भक्कम कारण ठरते.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी. सावेडीत एप्रिलमध्ये एअर कूलर उत्तम चालतो, कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडून जाते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. बेटाच्या दमट हवेत कूलरचा काही उपयोग होत नाही. घामही लवकर वाळत नाही, त्यामुळे तिथले बत्तीस अंश नगरच्या बत्तीस अंशांपेक्षा जड वाटतात. ही उणीव समुद्रावरचा वारा भरून काढतो. वारा सुरू असेपर्यंत अंग कोरडे राहते. तो पडला की घालमेल होते. हाच वारा उन्हाचा चटका लपवतोही. विषुववृत्ताजवळ सूर्याचे अतिनील किरण तीव्र असतात आणि पांढऱ्या वाळूवरून परावर्तित होऊन ते खालूनही अंगावर येतात. वाऱ्यामुळे ते जाणवत नाही आणि संध्याकाळी खांदे सोलवटून निघतात. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन यांची गरज नगरच्या उन्हापेक्षा तिथे जास्त आहे.

सावेडीचा दगड आणि लक्षद्वीपचा पाया

सावेडीत कुठेही पाया खणला की काळा बेसाल्ट लागतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात उभे असलेले 1646 मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखरही त्याच लाव्हाचे आहे. हा लाव्हा जिथून वर आला, त्या पृथ्वीच्या पोटातील उष्ण स्थानाला भूवैज्ञानिक रियुनियन उष्ण स्थान म्हणतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, पण खालचे उष्ण स्थान जवळपास जागीच राहिले. त्यामुळे समुद्राच्या तळावर त्याचा एक लांबलचक माग उमटला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांची रांग या मागाशी जोडली जाते. पुढे जाऊन त्याच मागावर मॉरिशस येते आणि शेवटी रियुनियन बेट, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. सावेडीचा काळा दगड आणि हजारो किलोमीटरवरची ही बेटे अशी एकाच उष्ण स्थानाशी नाते सांगतात.

मग या बेटांवर पांढरी वाळू कुठून आली? याचे उत्तर प्रवाळात आहे. प्रवाळ म्हणजे पोवळ्याचा लहानसा प्राणी. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. एकावर एक अशी लाखो घरे साचत जाऊन प्रवाळाची भिंत तयार होते. चार्ल्स डार्विनने 1842 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या बांधकामाचा क्रम सांगितला. प्रथम समुद्रातून ज्वालामुखीचे बेट वर येते. त्याच्या काठाने प्रवाळ वाढतो. कालांतराने जड झालेले ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचू लागते. प्रवाळाला उजेड हवा असल्याने तो मात्र पृष्ठभागाजवळ राहण्यासाठी वर वर वाढत राहतो. अखेर मधले बेट पाण्याखाली जाते आणि प्रवाळाचे कंकण तेवढे उरते. अशा बेटाला कंकणद्वीप म्हणतात. प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथे 1952 साली खोल भोक पाडले गेले, तेव्हा 1200 मीटरहून जास्त जाडीच्या चुनखडीखाली बेसाल्ट लागला आणि डार्विनच्या तर्काला पुरावा मिळाला.

लाटा या कंकणाचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांची वाळू होते. पण हे काम एकट्या लाटांचे नाही. पोपटासारखी चोच असलेला पोपटमासा प्रवाळावरचे शेवाळ खाण्यासाठी प्रवाळच खरवडतो. आतला चुना पचत नाही, तो बारीक वाळूच्या रूपात बाहेर टाकतो. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. ज्या पुळणीवर पर्यटक अनवाणी चालतात, तिचा बराच भाग माशांच्या पोटातून गेलेला असतो. ही वाळू पांढरी असल्याने ऊन परतवते. म्हणून दुपारीही तिच्यावर पाय ठेवता येतो, आणि कोकणातल्या काळ्या वाळूवर मात्र धावावे लागते.

कोकणात रंग बदलण्याचे कारण खडक हेच आहे. रायगड आणि रत्नागिरीत नद्या बेसाल्ट आणि जांभा झिजवून आणतात, त्यामुळे वाळू करडी किंवा काळसर असते. दक्षिणेला सिंधुदुर्गात बेसाल्टची हद्द संपते आणि अधिक जुन्या खडकांतली गारगोटी वाळूत मिसळते. तारकर्लीची वाळू त्यामुळे उजळ दिसते.

निळे, हिरवे आणि गढूळ

पाणी लाल रंगाचा प्रकाश लवकर शोषून घेते आणि निळा प्रकाश खोलवर जाऊ देते. खोल समुद्र म्हणूनच गडद निळा दिसतो. प्रवाळाच्या कंकणाच्या आतले पाणी मात्र एक-दोन मीटर खोलीचे असते आणि तळाशी पांढरी वाळू असते. वरून गेलेला प्रकाश तळावर आदळून परत येतो. जाता-येता त्याच्यातला लाल भाग कमी होतो, पण निळा आणि हिरवा टिकतो. त्यातून छायाचित्रांत दिसणारा तो फिका मोरपिशी रंग तयार होतो. त्यात कॅमेऱ्याची करामत नसते.

हा रंग दिसायला पाणी स्वच्छ असावे लागते, आणि ते स्वच्छ का असते हे नगरकरांना लगेच पटेल. लक्षद्वीपच्या बेटांवर एकही नदी नाही. त्यामुळे माती वाहून येत नाही. गोदावरी, प्रवरा, सीना, मुळा यांना पूर आला की पाण्याचा रंग कसा पालटतो, हे जिल्ह्यात सगळ्यांनी पाहिले आहे. कोकणातल्या नद्याही पावसाळ्यात अशीच माती समुद्रात ओततात आणि किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ होते. माती खाली बसायला पावसाळ्यानंतर काही आठवडे जावे लागतात. म्हणून मालवणजवळ पाण्याखालचे जग पाहायला साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत पाहण्याजोगा प्रवाळ आहे तो मुख्यतः इथेच. मालवणच्या समुद्राला 1987 साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण प्रवाळ पठार आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात.

लाटा कुठे थांबतात

पठारावर वाढलेल्या माणसाला समुद्राची सर्वांत जास्त भीती लाटांची वाटते, आणि ती भीती योग्यच आहे. विहिरीत पट्टीचा पोहणारा माणूस समुद्रात अडचणीत येऊ शकतो, कारण विहिरीतले पाणी ओढत नाही. किनाऱ्यावर आदळलेल्या लाटांचे पाणी परत जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जाते. या रिप करंटमध्ये सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहू लागला, तर तो दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडणे हा त्यातून सुटण्याचा मार्ग आहे. ज्याला पोहता येत नाही त्याने कोकणातल्या उघड्या पुळणीवर गुडघ्यापेक्षा खोल जाऊच नये.

कंकणद्वीपाच्या आत परिस्थिती वेगळी असते. लाट खोल समुद्रातून येते तेव्हा तिची हालचाल पाण्यात खालपर्यंत पोहोचलेली असते. प्रवाळभिंतीवर पाणी एकदम उथळ झाले की लाटेचा खालचा भाग अडखळतो, वरचा पुढे कोसळतो आणि तिची शक्ती तिथेच फेसात संपते. जगभरातल्या मोजमापांचा एकत्र अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रवाळभिंती लाटांची सरासरी 97 टक्के शक्ती काढून घेतात. भिंतीच्या आतल्या या शांत, उथळ पाण्याला लगून म्हणतात. लक्षद्वीपची एकूण जमीन केवळ 32 चौरस किलोमीटर आहे, पण लगूनचे क्षेत्र सुमारे 4200 चौरस किलोमीटर आहे. ज्यांनी आयुष्यात समुद्रात पाय घातलेला नाही, अशा माणसांनी पहिली ओळख करून घ्यायला याहून योग्य पाणी भारतात नाही. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने अंग थोडे अधिक तरंगते, हाही एक फायदा. प्रवाळभिंतीत बोटींसाठी जी फट असते तिथे मात्र प्रवाह जोरदार असतो. तिच्या जवळ जाऊ नये.

विहिरीत गोडे पाणी

चहूकडे समुद्र असलेल्या बेटावर विहीर खणली तर खारे पाणी लागायला हवे, असे वाटते. लक्षद्वीपमध्ये मात्र गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी हलके असल्याने जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात पूर्ण मिसळून न जाता त्याच्यावर साठून राहते. दोघांच्या घनतेतला फरक इतका कमी असतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर हिशेबाने त्याचा थर सुमारे चाळीस मीटर खोल असतो. लहान बेटांवर हा थर प्रत्यक्षात काही मीटरचाच असतो. याच नियमाची दुसरी बाजू काळजीची आहे. पंपाने पाणी उपसून पातळी थोडी जरी खाली गेली, तरी खालचे खारे पाणी कितीतरी पटींनी वर चढते आणि विहीर कायमची मचूळ होऊ शकते.

हा धडा नगर जिल्ह्याला वेगळा सांगायला नको. हिवरे बाजार गावाने बोअरवेलवर बंधन घालून आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून तो धडा गिरवला आहे. बेटावरच्या माणसांना दुष्काळ असो वा नसो, कायम असाच ताळेबंद मांडावा लागतो. कवरत्ती येथे 2005 साली राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला. तो दिवसाला सुमारे एक लाख लिटर पाणी देतो. कमी दाबाच्या टाकीत वरचे उबदार पाणी सोडले की त्याची वाफ होते आणि समुद्राच्या सुमारे 350 मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी होते. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची बांधणी 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरू केली. त्या किल्ल्यावर भर समुद्रात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. समुद्रातला किल्ला लढवायचा तर पाणी हवे, हे त्या काळी पक्के जाणले होते.

पर्यटकांच्या संख्येवर बेटांनी मर्यादा घालणे का आवश्यक आहे, हे या विहिरींवरून समजते. खोल्या थोड्या असतात आणि परवाने मोजके मिळतात. म्हणून बेटावरची सुट्टी ऐनवेळी ठरवता येत नाही, तिचे नियोजनच करावे लागते.

'मान्सून अंदमानात दाखल' याचा दुसरा अर्थ

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी येते आणि नगरचा शेतकरी सुखावतो. त्याच आठवड्यात अंदमानचे तिकीट काढलेल्या कुटुंबासाठी ही बातमी वेगळी असते. पाऊस कोसळू लागतो, समुद्र खवळतो, बेटांमधल्या बोटी रद्द होतात. महाराष्ट्रातल्या शाळांना मोठ्या सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मेची. दोन्ही वेळा भारतातल्या बेटांचे हवामान पूर्ण भरवशाचे नसते. सुट्टीचे नियोजन बिघडते ते बहुधा या विसंगतीमुळे.

अंदमानला नैर्ऋत्य आणि ईशान्य या दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. वर्षाला तो सुमारे 3000 मिलिमीटर, म्हणजे सावेडीच्या पाचपट पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे होतात. त्यामुळे दिवाळीची सुट्टी तिथे पावसात जाऊ शकते. जानेवारी ते एप्रिलचा मध्य हा कोरडा काळ. लक्षद्वीपसाठी डिसेंबर ते एप्रिल उत्तम. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अरबी समुद्र उग्र असतो आणि जहाजांच्या फेऱ्यांवर परिणाम होतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ लक्षद्वीपजवळच तयार झाले आणि दोन दिवसांत कोकणाला झोडपत वर गेले. चांगल्या महिन्यांनाही अपवाद असतात. डिसेंबर 2017 च्या सुरुवातीला ओखी वादळाने लक्षद्वीपला तडाखा दिला होता. परतीच्या तिकिटानंतर एक मोकळा दिवस हाताशी ठेवणे शहाणपणाचे, ते याचमुळे.

मेच्या सुट्टीतच जायचे असेल आणि खर्च झेपणार असेल, तर विषुववृत्त ओलांडावे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे. तिथे वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. सावेडी भाजत असताना मॉरिशसला हिवाळा लागत असतो, पारा वीस ते सव्वीस-सत्तावीस अंशांत असतो आणि पाऊस कमी होत जातो. मराठी माणसाला तिथे ओळखीच्या गोष्टीही भेटतात. 1834 सालापासून भारतातून करारावर मजूर तिथे नेले गेले. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबे होती. त्यांच्या वंशजांनी भाषा आणि सण जपले, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुट्टी असते. मजूर ज्या ठिकाणी उतरत तो पोर्ट लुईमधील आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पुळणीवरचा एक दिवस कमी करून तो पाहावा.

चौकट : कोणत्या सुट्टीत कुठे

दिवाळी : मालवण, तारकर्ली, सिंधुदुर्ग. पाऊस सरलेला, पाणी निवळू लागलेले. अंदमान टाळावे.
नाताळ ते मार्च : लक्षद्वीप (डिसेंबरपासून) आणि अंदमान (जानेवारीपासून). वर्षातला सर्वांत खात्रीचा काळ.
एप्रिलचा पूर्वार्ध : परीक्षा लवकर संपल्यास दोन्ही बेटे अजून चालतात.
मे : मॉरिशस. कोकणात गेल्यास महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच.
जून ते सप्टेंबर : भारतातील बेटांवर समुद्रात उतरण्याचा विचार नको.

भरतीची वेळ तिथीवरून

चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. कोकणातले मच्छीमार यावरून एक साधा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून सावेडीत बसून कोकणातला दिवस असा आखता येतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढते-उतरते आणि प्रवाह सौम्य राहतात. नवशिक्यांनी पाण्यात उतरण्यासाठी भांगाचे दिवस निवडावेत.

हा हिशेब कोकणापुरताच आहे. लक्षद्वीपला पाणी एक-दीड मीटरच चढते-उतरते. अंदमानच्या शहीद द्वीपावर ओहोटीला खडक आणि प्रवाळाचे विस्तीर्ण पठार उघडे पडते. तिथला प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल ओहोटीच्या वेळीच गाठता येतो.

अंदमानमध्ये घड्याळाचीही सवय बदलावी लागते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. अंदमान सावेडीच्या अठरा अंश पूर्वेला आहे, पण वेळ तीच भारतीय प्रमाणवेळ. म्हणजे सूर्य तिथे सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. हिवाळ्यात पाच-साडेपाचला अंधार पडू लागतो. नगरच्या सवयीने दहाला बाहेर पडणाऱ्याचा अर्धा दिवस वाया जातो.

आठवा दिवस

विश्रांतीचे कारण सगळ्यांत जास्त सांगितले जाते, आणि त्याचा अभ्यासही झाला आहे. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी लक्षाचे दोन प्रकार मानले. हिशेब, वाहतूक, फोन यांसाठी लक्ष जाणीवपूर्वक लावावे लागते आणि ते थकते. लाटा, ढग, पाने यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, त्याला कष्ट पडत नाहीत. तेवढ्या वेळात थकलेले लक्ष सावरते. बेटावर वाहने थोडी, दुकाने थोडी आणि पाहण्यासारखे मुख्यतः पाणी असल्याने ही संधी सहज मिळते.

नेदरलँड्समध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की सुट्टीवर जाणारी माणसे इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात ती जाण्याच्या आधी. परतल्यावर बहुतेकांचा हा फरक नाहीसा झाला. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, त्यांचाच टिकला. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात लांब सुट्टी घेतलेल्यांचे स्वास्थ्य साधारण आठव्या दिवशी सर्वाधिक आढळले. या दोन निष्कर्षांतून नियोजनासाठी ठोस सूचना मिळते. आठ दिवसांची सुट्टी चार महिने आधी ठरवावी. आठ दिवसांत दोनच बेटे घ्यावीत. पाच दिवसांत सात ठिकाणे दाखवणाऱ्या सहलीत बेटाचा मुख्य लाभ हातातून निसटतो.

अंदमानला गेलेल्या मराठी कुटुंबाच्या सुट्टीत एक दिवस मात्र निवांतपणाचा नसतो, आणि नसावा. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथील सेल्युलर जेल 1906 मध्ये बांधून पूर्ण झाले. विनायक दामोदर सावरकरांना 1911 साली तिथे आणले गेले आणि ते 1921 पर्यंत त्या कोठड्यांत होते. ज्या समुद्राकडे आज विसाव्यासाठी पाहिले जाते, तोच तेव्हा सुटकेची वाट बंद करणारा काळ्या पाण्याचा पहारा होता. मुलांना हे दाखवल्याशिवाय अंदमान पाहून झाले असे म्हणू नये.

जाण्यापूर्वी

समुद्र नगरला अगदीच अनोळखी नाही. निजामशाहीच्या काळात चौल बंदराचा व्यापार अहमदनगरच्या दरबाराशी जोडलेला होता आणि 1570-71 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातील चौलला निजामशाही फौजांनी वेढाही घातला होता. आज सावेडीहून सर्वांत सोपी वाट मालवणची, पुणे-कोल्हापूरमार्गे सुमारे पाचशे किलोमीटरची. लक्षद्वीपसाठी पुण्याहून सहसा कोची गाठावे लागते. तिथून जहाजाने चौदा ते अठरा तास किंवा अगत्तीपर्यंत लहान विमान. अगत्तीची धावपट्टी सुमारे 1200 मीटरचीच असल्याने मोठी विमाने उतरत नाहीत, जागा थोड्या आणि सामानावर मर्यादा. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो, आणि बंगाराम वगळता तिथे दारूबंदी आहे. अंदमानच्या प्रमुख बेटांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही. जारवांसारख्या आदिवासींच्या राखीव क्षेत्रात त्यांच्याशी संपर्क साधणे किंवा त्यांची छायाचित्रे काढणे हा गुन्हा आहे.

प्रवाळ सध्या संकटात आहे. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश वर काही आठवडे राहिले, की प्रवाळ त्याच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये हे 1998, 2010, 2016 आणि 2024 साली मोठ्या प्रमाणावर घडले. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पाणी निवले तर तो सावरू शकतो. अशा वेळी त्याच्यावर पाय देऊन उभे राहणे म्हणजे त्याला मारणे होय. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने पाय फक्त वाळूवर टेकवावेत आणि आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार संरक्षित प्रवाळ बाळगणे हा दंडनीय गुन्हा आहे.